मंडईच्या दिवसात समुद्राकडे

खुशालला एकट्यानं कुठंतरी जायचं होतं. मागणी एवढीच. पण त्याच्या गावात, बपेऱ्यात, अशी मागणी केली की लोक आधी तब्येत विचारत, मग घरच्यांची तब्येत विचारत, आणि शेवटी म्हणत, "थांब, मी येतो सोबत."

खुशालच्या घरात माणसं मोजायची पद्धत नव्हती. ताटं कमी पडली की कोणीतरी वाढलं असं समजायचं आणि पत्रावळ मांडायची. लहानपणापासून तो झोपला तो दोघांच्या मध्ये, जेवला तो पंगतीत, आणि एकदा मनापासून रडायला बसला तर शेजारी दोन चुलतभाऊ आधीच रडत होते, त्यामुळे त्याच्या रडण्याकडे कोणाचं लक्षच गेलं नाही. आता सव्वीस वर्षांचा झाला तरी संडासात जरा वेळ लागला की दारावर थाप पडे आणि आई, कौशल्याबाई, बाहेरून विचारी, "काहून रे, एकटा काय करून राहिला अंदर?"

कॉलेजातले त्याचे तीन दोस्त कोकणात नोकरीला लागले होते. कुंदन रत्नागिरीला, निकेश देवगडला, दामिनी मालवणला. तिघंही फोनवर म्हणायचे, "ये नं बे इकडे." खुशाल मागं राहिला होता, कारण घरचं धान कोणीतरी पाहायला हवं होतं. पाहणारे घरात पुष्कळ होते. भाताच्या बांधीत उतरणारा तो एकटा. एकटेपणाचा त्याला आलेला अनुभव तेवढाच, आणि तोही चिखलात.

म्हणून त्यानं गाडी घेतली. ही गाडी आधी जनावरांचा फिरता दवाखाना होती. ज्या टेबलावर बकऱ्या झोपवत त्याचा त्यानं पलंग केला, औषधांच्या कप्प्यात चहा-साखर भरली, खिडक्यांना पडदे लावले, एक आरसा टांगला. बाहेरच्या बाजूला मोठी गाय रंगवलेली होती. पांढऱ्या रंगाचे दोन हात मारले तरी ती वर येत राहिली. तिसऱ्या हातानंतर गाय गेली, डोळे राहिले.

बेत साधा होता. या घरात बसून कोकणात उतरायचं, किनाऱ्या-किनाऱ्यानं खाली जात एकेका दोस्ताच्या दारात न सांगता उभं राहायचं, आणि मधल्या मुक्कामांना समुद्राकाठी गाडी लावून एकट्यानं झोपायचं. मध्ये कोणी नाही, बाजूला कोणी नाही.

वडील बाबूलाल यांनी परवानगी दिली, पण अट घातली. "समुद्र पाहूनच ये. अर्ध्यातूनच वापस आला तं मी पलंग काढतो अन् धानाचे पोते भरतो. मंग ते गाडी धानाची."

अट उगाच नव्हती. खुशाल याआधी दोनदा निघून परत आला होता. पहिल्यांदा वर्ध्याहून, कारण चुलतभावाचं साक्षगंध अचानक ठरलं. दुसऱ्यांदा तुमसरहून, कारण आईनं केलेला डबा घरी राहिला, तो घ्यायला वळला तर दारात पाहुणे बसलेले, आणि त्यांना सोडून निघालेला माणूस बपेऱ्यात अजून जन्माला आलेला नव्हता. बाबूलालजींनी त्याच दिवशी पलंगाचे नट कोणत्या पान्यानं निघतात ते पाहून ठेवलं होतं.

तिसऱ्या वेळी खुशालनं डोकं लावलं. भाऊबीज झाली की भंडारा जिल्ह्यात मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात. आज या गावची, उद्या त्या गावची. ज्या गावची मंडई त्या गावात घरोघर पाहुणे, दिवसभर दंडार हे नाचगाण्याचं लोकनाट्य, चौकात जिलेबीचे डोंगर, आणि न येणाऱ्या नातेवाइकाचं नाव पुढच्या मंडईपर्यंत निघत राहणार. या दिवसांत 'मी येतो सोबत' म्हणायला कोणालाही फुरसत नसणार, असा त्याचा हिशेब. म्हणून बपेऱ्याच्या मंडईच्या आदल्या सकाळीच तो निघाला. गावची मंडई सोडून जातोय म्हणून आईनं गाडीत चिवड्याचा डबा जरा जोरात ठेवला.

हिशेब बरोबर होता. चूक दुसरीकडे होती, आणि ती कळायला सिहोरा यावा लागला.

त्या दिवशी सिहोऱ्याचीच मंडई होती. चौकात गाडी अडकली. पुढं पाळणेवाला, मागं बैलबंडी, दोन्ही बाजूंना फुगे. खुशाल हॉर्न वाजवावा की नाही या विचारात असताना मागचं दार उघडलं आणि एक म्हातारी बाई बकरी घेऊन आत चढली.

"डाक्टर, हिले पाह्य नं जरा," ती म्हणाली. "कालपासून चारा नाही खाऊन राहिली."

"मावशी, मी डाक्टर नाही."

"मंग गाडीवर गाय काहून काढली?"

"गाय नाही, डोळेच हायेत."

"तेच तं म्हणून राहिली मी. डोळे पाहूनच आली." तिचं नाव रंभाबाई, हे तिनं स्वतःहून सांगितलं, आणि बकरीचं नाव राणी, हेही. राणीला तिनं पलंगावर उभं केलं. खुशाल मागं येईस्तोवर राणीनं आईनं दिलेला चिवड्याचा डबा पाडला, झाकण उघडलं, आणि खायला सुरुवात केली. शेंगदाणे आधी.

रंभाबाईनं पदर डोक्यावर नीट केला. "गुण आला," ती म्हणाली.

तिनं हे हळू म्हटलं असतं तर बरं झालं असतं. गाडीतून उतरताना तिनं ते पाळणेवाल्याला सांगितलं, पाळणेवाल्यानं वर बसलेल्यांना सांगितलं, आणि थोड्या वेळात गाडीमागं दोन बकऱ्या, एक कुत्रा आणि गुडघा दुखणारा एक माणूस अशी रांग लागली. खुशाल रांगेला समजावत होता की हे घर आहे. रांग मान हलवत होती आणि पुढं सरकत होती.

"अबे खुशाल, तू डाक्टर कधी झाला?"

हातात जिलेबीचा पुडा धरून कुंदन उभा होता. रत्नागिरीचा कुंदन, ज्याच्या दारात खुशाल अचानक उभा राहणार होता.

"तू इथी काय करून राहिला?" खुशालनं विचारलं.

"मंडई हाय नं गावची."

"तू रत्नागिरीले पाहिजे होता."

"मंडईले कोण रत्नागिरीत राहते बे?" कुंदननं असं विचारलं जसं खुशालनं त्याला लग्नाच्या दिवशी सासरी न जाता दाढी करायला जा म्हटलं होतं. "चाल घरी. मटन शिजून राहिलं. आजच्या दिवस राह्य, उद्या पाहू."

"मी तुलेच भेटायले चाललो होतो."

"मंग भेटला नं. झालं."

खुशालला एकदम थकवा आला. घर सोडून अजून चहा प्यायला थांबला नव्हता आणि बेताचा पहिला मुक्काम आटोपला होता. तरी त्यानं विचारलं, "बरं, समुद्र कसा असते ते तं सांग."

कुंदननं जिलेबी तोडली. "मले काय माहीत? कंपनीची बस घरून उचलते, घरी सोडते. एक बार गेलो होतो, तं पाणी लय दूर होतं. तथी एक जण म्हणे ओहोटी हाय, थोड्या वेळानं येईल. मी कायले थांबू पाण्यासाठी? आपल्या चांदपूरच्या तलावाचं पाणी कधी असं जाते काय?"

खुशाल मटनाला थांबला नाही, हे कुंदनच्या मनाला लागलं. तोंड पाडून तो उभा राहिला, आणि गाडी सुरू झाल्यावर खिडकीला लटकला. "जाऊनच राहिला तं एक काम कर. माझ्या रूमवर गॅस बंद केला का नाही, आठवत नाही. पाहून घेजो." त्यानं खिशातून किल्ली काढून खुशालच्या हातात कोंबली आणि गुडघा दुखणाऱ्या माणसाला घेऊन जिलेबीकडं गेला.

तुमसर गेलं. मोहाडीच्या अलीकडं एका गावात पुन्हा मंडई, पुन्हा गर्दी. या वेळी खुशालनं चारही दारं आतून लावून घेतली. दंडारीच्या मंडळींनी काच ठोकली.

"भाऊ, पडदे दिसले," त्यातला ढोलकीवाला म्हणाला. "आमच्या बाईले कपडे बदलायचे हायेत. अथी आडोसा नाही."

बाईचं काम आहे म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं. खुशालनं मागचं दार उघडून दिलं आणि स्वतः तोंड फिरवून स्टेअरिंगवर बसला. आत बांगड्या वाजल्या, आरसा हलला, पावडरचा वास आला. मग बाई जाड आवाजात म्हणाली, "आरसा बरा हाय तुया. देवगडले माझ्याकडं फुटका हाय."

खुशालनं मागं वळून पाहिलं. हिरवं लुगडं, नाकात नथ, आणि आत्ताच मिशी काढल्यामुळं ओठाच्या वर पांढरा पट्टा. निकेश.

"तू दरवर्षी येतो?" खुशालनं विचारलं. कशाचंच आश्चर्य वाटून घ्यायची ताकद त्याच्यात राहिली नव्हती.

"माझ्याशिवाय दंडार होते काय? तथी साहेबाले सांगतो, घरच्या बाईचं अर्जंट काम हाय." निकेशनं गजरा माळला. "खोटं तं नाही."

"अन् समुद्र?"

"समुद्राचं काय घेऊन बसला? दमट हवा. लुगडं वाळत नाही." निकेशनं कपाळावर टिकली चिकटवली आणि आरशात पाहतच म्हणाला, "आज राह्य तू. दामिनी पण येऊन राहिली, शहापूरले उतरणार दोपारी. आपण चौघं एकत्र कधी भेटतो सांग बरं."

खुशालनं बोटांवर मुक्काम मोजले. रत्नागिरी रिकामी झाली होती, देवगड समोर लुगडं नेसून बसलं होतं, आणि मालवण बसमध्ये होतं. त्या अख्ख्या किनाऱ्यावर आता त्याच्या ओळखीचं कोणीच उरलं नव्हतं. ज्यांना भेटायला निघायचं ती माणसं मंडईला गावी येतात, हे त्याला कळायला हवं होतं. तो स्वतः त्याच गावांतला होता. पण मंडई म्हणजे आपल्या घरी येणारे पाहुणे, एवढंच तो आजवर धरून चालला होता. ते पाहुणे कुठूनतरी निघत असतील, हा विचार त्याच्या डोक्यात कधी आलाच नव्हता.

"मी जातो," तो म्हणाला. "वापस गेलो तं बाबा धानाचे पोते भरतील."

"जा मंग. पण देवगडले माझी मांजर हाय. शेजाऱ्यावर सोडली, पण शेजारी मांजरीले भेते. खाऊ घालजो."

"किल्ली?"

"खिडकी लागत नाही. तिथूनच जाजो, मांजर पण तिथूनच जाते." निकेश पदर सावरत उतरला आणि बाहेर ढोलकी वाजली तसा चालण्यात एकदम वळण आलं.

भंडाऱ्याच्या थोडं पुढं, शहापूरला महामार्गाच्या कडेला, नागपूरहून आलेल्या बसमधून दामिनी नुकतीच उतरली होती. पायाशी बॅगा, हातात काजूची पिशवी, चेहऱ्यावर रात्रभराचा प्रवास. खुशालनं गाडी थांबवली. तिनं गाडीवरच्या डोळ्यांकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

"तू इथी काहून?" तिनं विचारलं. "तू तं उद्या बपेऱ्यात पाहिजे होता."

"का बरं?"

"उद्या तुमची मंडई हाय नं. आम्ही तिघं तुझ्याकडंच येऊन राहिलो. न सांगता. कुंदननं सांगितलं नाही तुले?"

"त्यानं मटन सांगितलं."

"मंग त्यानं नीट लपवलं," दामिनी म्हणाली. "दोन महिन्यांपासून ठरलं होतं. पाच वर्षं झाली, तू काही येत नाही, तं म्हटलं आपणच जाऊ."

खुशाल गाडीच्या पायरीवर बसला. म्हणजे तो त्यांच्या दारात न सांगता उभा राहायला निघाला होता, आणि ते त्याच्या. सगळ्यांनी इतक्या प्रेमानं आणि इतक्या गुपचूप ठरवलं होतं, की कोणीच कोणाला भेटणार नव्हतं.

फोन वाजला. कौशल्याबाई.

"कुठी हायेस?"

"शहापूर."

"मंग ये वापस. त्या कुंदनच्या आईचा फोन आला, उद्या तुझे दोस्त येऊन राहिले म्हणे. लोकं काय म्हणतील, घरचा पोरगाच नाही? समुद्र काय पळून जाते?"

कुंदनच्या मते समुद्र पळतोच, पण खुशाल ते बोलला नाही. मागून बाबूलालजींचा आवाज आला. "येऊन राहिला काय तो? पाना काढू काय मी?"

दामिनी काजूची पिशवी उघडून उभी होती. तिनं विचारलं नाही काय झालं. फोनमधून सगळंच ऐकू येत होतं.

"तुले काय वाटते?" खुशालनं फोनवर हात ठेवून तिला विचारलं. "तू तथी एकटीच राहते नं. कसं असते?"

दामिनीनं खरंच विचार केला. "पहिल्या दिवशी गजब वाटते. कोणी विचारत नाही कुठी गेली, काय खाल्लं. दुसऱ्या दिवशी पण कोणी विचारत नाही. मंग तू स्वतःशीच जोरात बोलायले लागतोस. मी कुकरशी बोलते कधीकधी. तीन शिट्ट्या देते, मी म्हणते, बरं बाई."

"म्हणजे नको जाऊ?"

"जा म्हणून राहिली मी. इथी राहिला तं उद्या आपण चौघं हसू, खाऊ, परवा आम्ही जाऊ, अन् तुझ्या पलंगाच्या जागी पोते असतील. मंग तू मले वर्षभर फोनवर समुद्राबद्दल विचारशील. मले तेवढा समुद्र येत नाही." तिनं त्याच्या हातावर काजू ठेवले. "आम्ही तुमच्या घरी जातोच. तुझ्या आईचे वडे तुझ्या वाटणीचे कुंदन खाईल. झोपायले जागा मिळेल नं?"

"दोघांच्या मध्ये मिळेल."

"चालते. लय दिवस झाले दोघांच्या मध्ये झोपून."

म्हणजे ते तिघं त्याच्या घरी, आणि तो त्या तिघांच्या घरी. खुशालनं हे दोनदा मनात फिरवून पाहिलं. कुठूनही पाहिलं तरी वेडेपणाच होता. पण कोकणात त्याला ओळखणारं, थांबवणारं, जेवून जा म्हणणारं आता कोणीच नव्हतं, आणि इतकी रिकामी जागा त्याला आयुष्यात कोणी देऊ केली नव्हती.

त्यानं फोनवरचा हात काढला.

"आई, मी नाही येत."

पलीकडं इतका वेळ शांतता राहिली की त्या घरात एवढी शांतता असू शकते हे त्याला प्रथमच कळलं. मग कौशल्याबाई म्हणाल्या, "चिवडा तं आहे नं?"

"आहे," खुशाल म्हणाला. चिवडा राणीच्या पोटात होता, पण आहे हे खरं होतं.

"मंग तुझ्या दोस्तांले सांग, सकाळीच या म्हणा. वडे गरम असतील."

दामिनीनं मालवणची किल्ली काढून दिली. गच्चीवर कुंडीत कढीपत्ता आहे, त्याला पाणी टाकजो, आणि घरमालकीण विचारेल कोण तू, तर भाऊ म्हणजो, एवढं सांगून ती बॅगा उचलून गावात निघाली. खुशाल गाडीत चढला. किल्ली फिरवली, गिअर टाकला, आणि फोन पुन्हा वाजला. कुंदन.

"अबे, ते किल्ली रूमची नाही," कुंदन म्हणाला. "ट्रॅक्टरची हाय. बाबा धानाच्या पुंजण्याजवळ उभे हायेत, मळणी थांबली. पाहुण्यांसमोर शिव्या देऊन राहिले मले. घेऊन ये लवकर."

"मी शहापुरात हाय."

"मंग काय झालं? आलाच तं मटन पण उरलं हाय."

खुशालनं इंजिन बंद केलं. डोकं स्टेअरिंगवर टेकवलं तर हॉर्न वाजला, आणि महामार्गावरचा एक ट्रकवाला उगाच बाजूला झाला. सिहोऱ्याला परत जायचं म्हणजे किल्ली द्यायची, मग मटन, मग दंडार, मग रात्र, मग सकाळी बपेरा हाकेवर, मग वडे. पुढचं त्याला दिसत होतं. बाबूलालजी पाना घेऊन उभे होते.

तेवढ्यात नागपूरहून तुमसरला जाणारी एसटी थांब्याला लागली. खुशालनं फोनमध्ये एवढंच म्हटलं, "तुमसरच्या स्टँडवर जाऊन उभा राह्य. कंडक्टरजवळ पाठवतो."

"अन् माझा गॅस?"

"कुलूप तोडतो."

"तोड," कुंदन म्हणाला. "तसंही ते लागत नव्हतं नीट."

या भागात एसटीच्या कंडक्टरजवळ लोक डबे देतात, औषधं देतात, लग्नाच्या पत्रिका देतात, एकदा कोणी जावयाचा विसरलेला चष्मा दिला होता. त्यामुळं कंडक्टरनं किल्ली घेताना काही विचारलं नाही. कोण घ्यायला येणार तेवढं ऐकून घेतलं. मग त्याचं लक्ष गाडीकडं गेलं.

"गाडी तं हाय तुमच्याजवळ," तो म्हणाला. "तुम्हीच काहून नाही नेत?"

"मी उलट्या बाजूनं चाललो. समुद्राकडं."

"कोणाकोणासंग?"

"एकटाच."

"मंडईच्या दिवसात?"

हे कंडक्टर जरा मोठ्यानं बोलला. बसच्या खिडक्यांतून माना बाहेर आल्या. एका बाईनं मांडीवरचं लेकरूही खिडकीशी धरलं, त्यालाही दिसावं म्हणून.

खुशालनं तोंड उघडलं. सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. दोस्त इकडं का आले, तो तिकडं का चालला, धानाचे पोते, बकरी, लुगडं, मांजर, आणि हे सगळं असूनही त्याचं डोकं ठिकाणावर कसं आहे. एसटी तेवढी थांबणार नव्हती.

कंडक्टरनं आवाज खाली आणला. "घरी भांडण झालं काय?"

खुशालनं बसकडं पाहिलं. सगळी बस उत्तराची वाट पाहत होती.

"हो," तो म्हणाला.

"मंग बरोबर हाय," कंडक्टर म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरची काळजी एकदम गेली. खिडक्यांतल्या मानाही समाधानानं आत गेल्या. लेकरावाली बाई मात्र वाकून म्हणाली, "पण पोचल्यावर फोन करजा घरी, भाऊ. आई असते बिचारी."

किल्ली शर्टाच्या खिशात ठेवून कंडक्टरनं घंटी दोनदा ओढली आणि बस भंडाऱ्याकडं निघाली. खुशालनं गाडी नागपूरच्या बाजूला काढली, आणि घरी भांडण झालेल्या माणसाला शोभेल अशा वेगानं चालवू लागला.